गिल्बर्न : वेल्समधील एका छोट्या किट कार कंपनीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या ब्रिटिश मोटारींविषयी मराठीत लिहू लागल्यापासून गिल्बर्न या नावाबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले आहेत. काही प्रश्न अगदी प्राथमिक असतात, तर काही गाडी विकत घेण्याच्या तयारीत असलेल्या जाणकारांचे असतात. प्रत्येकाला वेगळे उत्तर पाठवण्यापेक्षा ती सारी येथे एकत्र केली आहेत. ज्या मुद्द्याचा खुलासा दुसऱ्या उत्तरात आला आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गिल्बर्न हे गाडीचे नाव आहे की कंपनीचे?

कंपनीचे. दक्षिण वेल्समधील ग्लॅमॉर्गन परगण्यात, पॉन्टिप्रिद या गावाजवळच्या लँटविट फार्ड्रे येथे १९५९ ते १९७३ या काळात या कंपनीने फायबरग्लासच्या बॉडीच्या, दोन दारांच्या आणि मागे लहान मुलांपुरत्या दोन जागा असलेल्या वेगवान गाड्या बनवल्या. त्यांची मॉडेल्स मुख्यतः तीन : जीटी, जीनी आणि इन्व्हेडर. चौदा वर्षांत मिळून सुमारे एक हजार गाड्या बाहेर पडल्या, म्हणजे सरासरी काढली तर आठवड्याला दीड गाडीसुद्धा भरत नाही. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांचे मूळ त्यातच आहे.

२. गिल्बर्न हा वेल्श शब्द आहे का? त्याचा अर्थ काय?

शब्द वेल्श नाही आणि त्याला अर्थही नाही. जाइल्स स्मिथ आणि बर्नार्ड फ्रीझ या दोन संस्थापकांच्या पहिल्या नावांचे तुकडे जोडून तो तयार झाला : जाइल्सच्या इंग्रजी स्पेलिंगमधील पहिली तीन अक्षरे आणि बर्नार्डची पहिली चार. बोनेटवरच्या बिल्ल्यावर मात्र वेल्सचा लाल ड्रॅगन होता, त्यामुळे नावही तिथलेच असावे असा समज होतो. जाता जाता उच्चाराविषयी : वेल्श भाषेत दोन 'डी' लागोपाठ आले की त्यांचा उच्चार मऊ 'द'सारखा होतो, म्हणून 'पॉन्टिप्रिड' न लिहिता 'पॉन्टिप्रिद' लिहिले आहे.

३. एका खाटकाने आणि एका जर्मन माणसाने ही कंपनी काढली, ही दंतकथा आहे की खरी गोष्ट?

ती खरी गोष्ट आहे. जाइल्स स्मिथ यांचे चर्च व्हिलेज या गावात मांसविक्रीचे दुकान होते. 'खाटीक' हा शब्द वापरल्याबद्दल एका वाचकाने नाराजी कळवली होती, पण त्यात कमीपणाचे काही नाही आणि स्मिथ यांचा व्यवसाय तोच होता. बर्नार्ड फ्रीझ हे जर्मन अभियंता होते. त्यांना फायबरग्लासच्या साच्यांचे काम अवगत होते आणि त्यांनी स्वतःसाठी तशा बॉडीची एक गाडी बनवलेली होती. स्मिथ यांनाही स्वतःसाठी अशीच एक गाडी बांधायची होती. दोघांची गाठ पडली, आणि दुसऱ्या कोणाची तयार बॉडी आणून जोडण्यापेक्षा आपणच एक नवी गाडी का करू नये, या विचारातून पहिला नमुना त्या दुकानाच्या मागच्या जागेत उभा राहिला.

त्या काळच्या ब्रिटनमध्ये ही गोष्ट आज वाटते तितकी विलक्षण नव्हती. जुन्या ऑस्टिन किंवा फोर्ड गाडीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, घ्यायची, तिच्यावर बाजारात मिळणारी फायबरची बॉडी चढवायची आणि रविवारी शर्यतीला जायचे, हा हजारो तरुणांचा छंद होता आणि अशा बॉड्या पुरवणारे छोटे कारखाने गल्लोगल्ली होते. त्यातले बहुतेक चार-दोन वर्षांत नाहीसे झाले. स्मिथ आणि फ्रीझ यांचे वेगळेपण असे की त्यांनी पहिल्यापासून स्वतःची चासी बनवली आणि गाडी नीटनेटकी, आतून सजवलेली असावी याचा आग्रह धरला.

४. मुळात किट कार म्हणजे काय, आणि ब्रिटनमध्येच त्यांचे एवढे पेव का फुटले होते?

कारखान्यातून पूर्ण जोडलेली गाडी न घेता तिचे भाग घ्यायचे आणि जोडणी ग्राहकाने स्वतः करायची, ती किट कार. हौस हे त्याचे एक कारण होतेच, पण खरे कारण कराचे होते.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, ब्रिटनमध्ये खरेदी कर लागू झाला. चैनीच्या वस्तूंवर तो जबर असे आणि मोटार ही चैन समजली जाई. हा कर ग्राहकाने मोजलेल्या किमतीवर नव्हे, तर घाऊक किमतीवर आकारला जात असे. १९५९ साली, म्हणजे गिल्बर्नच्या जन्माच्या वर्षी, मोटारींवरील त्याचा दर ६० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आला होता, आणि तरीही तो निम्म्यावर होता. मात्र हा कर 'मोटार' या तयार वस्तूवर होता. सुटे भाग विकत घेऊन कोणी घरी गाडी जोडली, तर त्या गाडीवर तो लागत नव्हता. कायद्यातील ही फट म्हणजे छोट्या कारखानदारांसाठी पर्वणीच होती. मोठ्या कंपनीच्या तयार गाडीवर कराचा बोजा, आणि आपल्या गाडीवर काहीच नाही. तेव्हा उत्पादन खर्च जास्त असूनही छोटा कारखाना किमतीत टिकू शके.

कायद्याशी असलेले हे नाते कंपन्यांच्या नावांतही उतरले आहे. गिल्बर्नचे अधिकृत नाव 'गिल्बर्न स्पोर्ट्स कार्स (कंपोनन्ट्स) लिमिटेड' असे होते. लोटस या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीचीही किट विकणारी शाखा 'लोटस कंपोनन्ट्स' होती. आम्ही गाड्या विकत नाही, भाग विकतो, हे पाटीवरच लिहून ठेवलेले बरे!

५. गिल्बर्नचे किट घेणाऱ्याला पेटीभर नटबोल्ट मिळत का? सामान्य माणसाला ते जोडता येत असे का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि सर्वांत जास्त गैरसमजही याच बाबतीत आहेत.

'किट' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लाकडी खोक्यांत भरलेले हजार तुकडे येतात. काही कंपन्यांची किट तशी असतही. गिल्बर्नच्या ग्राहकाला मात्र जवळजवळ पूर्ण झालेली गाडी मिळत असे. चौकोनी पोलादी नळ्या वेल्ड करून बनवलेली चासी, तिच्यावर कायमची बसवलेली फायबरची बॉडी, बॉडीला दिलेला अंतिम रंग, बसवलेल्या काचा, लावलेली दारे, ओढलेल्या विजेच्या तारा, डॅशबोर्डवरील मीटर, आतील आसने आणि खाली अंथरलेला गालिचा, इतके सगळे कारखान्यातच झालेले असे. ग्राहकाकडे राहत ती कामे म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स बसवणे, मागचा ॲक्सल व प्रोपेलर शाफ्ट जोडणे, सायलेन्सर लावणे आणि चाके चढवणे.

ज्याच्याकडे पान्यांची पेटी, जॅक आणि इंजिन उचलायला साखळीची कप्पी आहे, अशा माणसाला हे काम एखाद-दुसऱ्या शनिवार-रविवारी जमत असे. सर्वांत नाजूक क्षण इंजिन आत घालण्याचा. मागे गिअरबॉक्स जोडलेले इंजिन कप्पीला टांगून, शेपूट खाली झुकवून ते बोनेटच्या तोंडातून तिरके आत सोडावे लागते. अशा वेळी नुकताच रंगवलेला पुढचा काठ जुन्या गोधड्यांनी झाकून ठेवणे इष्ट, कारण पोलादी पत्रा ठोकून सरळ करता येतो, फायबरचा टवका उडाला की मात्र पुन्हा राळ लावून घासण्यावाचून गत्यंतर नसते.

म्हणूनच मला वाटते की गिल्बर्नला 'किट कार' म्हणणे कायद्याच्या भाषेत बरोबर असले, तरी कारागिरीच्या दृष्टीने ते तिच्यावर अन्याय करणारे आहे.

६. किटसोबत जोडणीच्या सूचना देण्यास बंदी होती, म्हणून कंपन्या 'गाडी कशी सुटी करावी' याची पुस्तिका देत, हे खरे का?

हा किस्सा लोटस सेव्हन या गाडीबाबत सांगितला जातो. करसवलत मिळवायची तर जोडणीच्या सूचना देता येत नसत, पण सुटी करण्याच्या सूचनांवर नियमात बंदी नव्हती. मग ग्राहकाने ती पुस्तिका शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे वाचायची! गिल्बर्नच्या बाबतीत उरलेले काम इतके थोडे होते की (प्रश्न ५ पाहा) अशा युक्तीची फारशी गरज नव्हती.

७. कोणकोणती मॉडेल्स निघाली आणि ती ओळखायची कशी?

जीटी हे पहिले मॉडेल १९५९ मध्ये आले. गोलसर, बुटके आणि दिसायला गोड. सुरुवातीच्या गाड्यांत ऑस्टिन-हीली स्प्राइटचे ९४८ सीसीचे छोटे इंजिन असे, आणि जास्त पैसे मोजणाऱ्याला कोव्हेंट्री क्लायमॅक्सचे १०९८ सीसीचे मिळे. पुढे एमजी या ब्रिटिश कंपनीच्या एमजीए गाडीची इंजिने आली आणि १९६३ पासून एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन बसू लागले. या शेवटच्या रूपाला जीटी १८०० म्हणतात. जीटीची एकूण संख्या पावणेतीनशेच्या आसपास आहे.

१९६६ मध्ये जीनी आली. ती जीटीपेक्षा मोठी आणि कोनदार होती, आणि बोनेटखाली फोर्डचे व्ही-६ इंजिन होते, अडीच किंवा तीन लिटरचे. या मॉडेलने गिल्बर्नला छोट्या खेळकर गाड्यांच्या रांगेतून उठवून लांब पल्ल्याच्या आरामशीर गाड्यांच्या पंगतीत बसवले. जीनी दोनशेच्या आतच बनल्या.

१९६९ मध्ये इन्व्हेडर. ती लांबून जीनीसारखीच दिसते, पण चासी आणि पुढचे सस्पेन्शन सुधारलेले आहे, आतील सजावट उंची आहे आणि काचा विजेवर चालतात. १९७१ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली, तिच्याबरोबर मागे उघडणारे मोठे दार असलेली इस्टेट गाडीही आली. ही इस्टेट जेमतेम शंभराच्या आसपास बनल्याने आज संग्राहक तिच्यामागे धावतात. १९७२ मध्ये तिसरी आवृत्ती आली. तिच्यात एमजीचे भाग काढून फोर्ड कॉर्टिनाचे सस्पेन्शन वापरले आहे, चाकांमधील रुंदी वाढली आहे आणि चाकांवरचे भाग फुगीर झाले आहेत. तिन्ही आवृत्त्या मिळून इन्व्हेडर पाचशेहून अधिक बनल्या.

८. एवढी चांगली गाडी बनवणाऱ्यांनी स्वतःचे इंजिन का बनवले नाही?

कारण इंजिनाच्या ओतकामाचे साचे आणि यंत्रे यांचा खर्च लाखो इंजिनांवर विभागला, तरच परवडतो. वर्षाला सत्तर गाड्या काढणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. मोठ्या कंपनीचे इंजिन घेण्यात ग्राहकाचाही फायदा होता, कारण सुटा भाग ब्रिटनमधल्या कोणत्याही गावात मिळे. फोर्डच्या तीन लिटरच्या या इंजिनाला 'एसेक्स' म्हणतात. २९९४ सीसी, सुमारे १४० अश्वशक्ती, ओतीव लोखंडाचे जड पण दणकट. रिलायंट सिमिटार, टीव्हीआर, मार्कोस या इतर ब्रिटिश गाड्यांतही तेच वापरले गेले.

अवलंबून राहण्याची किंमतही होती. पुरवठादाराने भाव वाढवले किंवा पुरवठा लांबवला, तर छोट्या कंपनीला गप्प बसण्यापलीकडे काही करता येत नसे.

९. कोळशाच्या खाणीत गाड्यांचा कारखाना होता, असे वाचले. हे कसे शक्य आहे?

खाणीच्या आत नव्हे, खाणीच्या आवारात. दुकानामागची जागा अपुरी पडू लागल्यावर कंपनी लँटविट फार्ड्रे येथील रेड ॲश कोळसा खाणीच्या जुन्या जागेत गेली. दक्षिण वेल्स हा कोळशाचा मुलूख. खाणी एकेक करून बंद पडत होत्या आणि त्यांची आवारे व इमारती मोकळ्या होत होत्या. नव्या धंद्याला स्वस्तात जागा मिळण्याचा तो मार्ग होता.

१०. फायबरग्लासच का निवडले? पन्नास वर्षांनंतर ते टिकले आहे का?

पोलादी पत्र्याला आकार द्यायला अवजड प्रेस लागतो आणि प्रत्येक पॅनेलसाठी वेगळा डाय लागतो. फायबरग्लासला एक साचा, राळ, काचतंतूंची चटई आणि चार कुशल हात पुरतात. साच्याला आतून मेण चोळायचे, त्यावर जेलकोटचा गुळगुळीत थर द्यायचा, तो चिकटसर झाला की काचतंतूंची चटई अंथरून राळेने भिजवायची आणि खाचांच्या रुळाने दाबत दाबत आतली हवा बाहेर काढायची. रूळ फिरवण्यात आळस केला की आत बुडबुडे राहतात, आणि वर्षांनी नेमक्या त्याच जागी रंगाखाली फोड येतात.

गिल्बर्नची बॉडी जाड आणि टिकाऊ म्हणून नावाजलेली आहे. वयाने जेलकोटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा पडतात, पण त्या घासून पुन्हा रंगवता येतात. खरी भीती बॉडीची नसून खालच्या चासीची असते. चौकोनी नळ्या आतून गंजतात आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो. गाडी पाहायला जाणाऱ्याने रंगावर भाळून जाऊ नये. खाली वाकून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने नळीवर ठोकावे, विशेषतः बॉडीच्या कडेखाली येणाऱ्या बाहेरच्या नळ्यांवर. खणखणीत आवाज आला तर ठीक. ठप्प असा बसका आवाज आला, तर नळीच्या पोटात गंजाचा भुगा साचला आहे असे समजावे. बॉडी चासीला कायमची जोडलेली असल्यामुळे वरचे उचलून बाजूला ठेवून खालचे वेल्डिंग करता येत नाही आणि दुरुस्ती महाग पडते.

११. १९६८ मध्ये जुगाराची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने गिल्बर्न विकत घेतली, हे खरे आहे का? तिला गाड्यांत काय रस होता?

खरे आहे. नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांच्या धंद्यातील एस ही कार्डिफची कंपनी गिल्बर्नची मालक झाली. पुढे एसच मेक्का या करमणुकीच्या क्षेत्रातील मोठ्या कंपनीकडे गेली. नृत्यगृहे आणि बिंगोची सभागृहे चालवणाऱ्या मेक्काच्या पसाऱ्यात एक मोटार कारखाना आगंतुकासारखा येऊन बसला.

विक्रीमागचे कारण सरळ होते. जीनीनंतर गाडी मोठी आणि महाग झाली, तिच्यासाठी आधीच इंजिने आणि साहित्य विकत घेऊन ठेवावे लागे, आणि दोघा संस्थापकांच्या खिशात तेवढे खेळते भांडवल नव्हते. नव्या मालकाच्या पैशातून इन्व्हेडर उभी राहिली, म्हणजे या व्यवहाराला निव्वळ दुर्दैव म्हणता येत नाही. मात्र त्यानंतर स्मिथ आणि फ्रीझ दोघेही कंपनीतून बाहेर पडले, आणि ज्यांच्या नावावरून पाटी लागली होती ते दोघेही त्या पाटीखाली उरले नाहीत. पुढच्या काळात मालकी आणखी हातांतून गेली. दर वेळी नवा मालक, नवा आराखडा आणि जुनी देणी, असा तो प्रवास होता.

१२. टी-११ नावाची गिल्बर्न होती का? ती कुठे विकत मिळते?

होती, पण ती विक्रीला कधी आलीच नाही. ठेंगणी, दोन आसनांची, इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेली ही गाडी ट्रेव्हर फिओरे या डिझायनरने आखली होती आणि तिच्यात ऑस्टिन मॅक्सीचे दीड लिटरचे इंजिन बसवायचे होते. पैसा आणि उत्पादनाची क्षमता या दोन्ही गोष्टी अपुऱ्या असल्याने बेत नमुन्यापुढे गेला नाही. माझे मत विचाराल, तर इन्व्हेडरच्या मागण्या वेळेवर पुऱ्या करणे जड जात असताना अगदी वेगळ्या घडणीच्या गाडीत लक्ष घालणे हा शहाणपणा नव्हता. दिसायला मात्र ती देखणी होती, हे कबूल केले पाहिजे.

१३. मग कंपनी बंद का पडली? तेलसंकटामुळेच ना?

असे सर्रास लिहिले जाते, पण तारखा तसे सांगत नाहीत. तेलाचा भडका ऑक्टोबर १९७३ मध्ये उडाला आणि तोवर कंपनी डबघाईला आलेली होती. तेलसंकटाने फार तर परतीचे दार बंद केले.

मुख्य घाव कराचा होता. ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला आणि १ एप्रिल १९७३ पासून खरेदी कर रद्द होऊन त्याच्या जागी १० टक्के मूल्यवर्धित कर आला. तयार मोटारींवर त्याखेरीज १० टक्के वेगळा मोटार कर बसवण्यात आला. मूल्यवर्धित कर सुट्या भागांनाही लागू होता. म्हणजे घरी जोडण्यातून वाचणारी रक्कम एकदम आक्रसली, आणि ज्या फटीतून ही सारी कारखानदारी उगवली होती (प्रश्न ४ पाहा) ती बुजली. तिची धार त्याआधीच बोथट होत आली होती : नोव्हेंबर १९६२ मध्ये मोटारींवरील खरेदी कर ४५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आल्यापासून तयार गाडी आणि किट यांतील अंतर घटले होते. साठच्या दशकाच्या अखेरीस दर पुन्हा चढला, तेव्हा किटवाल्यांना थोडा श्वास मिळाला इतकेच.

कंपनीला हे कळत होते, म्हणूनच तिसऱ्या इन्व्हेडरपासून तिने तयार गाड्यांचा मार्ग धरला (प्रश्न १४ पाहा). पण तयार गाडी विकायची म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल हे सगळे स्वतःच्या पैशाने आणून ठेवायचे, जोडणीची मजुरी द्यायची, आणि ग्राहकाकडून पैसे शेवटी घ्यायचे. किटच्या धंद्यात निम्मी गुंतवणूक ग्राहक करतो. ती गेल्यावर खेळते भांडवल कैक पटींनी लागते, आणि नेमके तेच गिल्बर्नकडे कधीच नव्हते. गाडी सुधारत गेली, किंमत वाढत गेली आणि गल्ल्यात मात्र खडखडाट. १९७३ मध्ये उत्पादन थांबले.

१४. एक विक्रेता तिसऱ्या आवृत्तीची इन्व्हेडर 'मूळ किटमधून जोडलेली' म्हणून विकत आहे. विश्वास ठेवावा का?

सावध राहावे. तिसरी आवृत्ती कारखान्यातूनच पूर्ण जोडून विकली जात होती. विक्रेत्याचा दावा अज्ञानातून आलेला असू शकतो, नंतर कधी तरी गाडी पूर्ण सुटी करून पुन्हा जोडलेली असू शकते, किंवा ती प्रत्यक्षात दुसरी आवृत्ती असून तिच्यावर नंतर तिसरीचे फुगीर भाग चढवलेले असू शकतात. पुढचे सस्पेन्शन पाहावे : कॉर्टिनाचे असेल तर तिसरी. चासीवरील क्रमांक आणि नोंदणीची कागदपत्रे जुळतात का, हेही पाहावे.

१५. किटमधून जोडलेली गाडी आणि कारखान्यात जोडलेली गाडी, यांत कोणती घ्यावी?

जीटी, जीनी आणि पहिल्या दोन इन्व्हेडर या बाबतीत मी हा फरक फारसा मानत नाही. बॉडी, चासी, रंग आणि वायरिंग दोन्हींत कारखान्याचेच आहे. पन्नास वर्षांत इंजिन आणि ॲक्सल निदान एकदा तरी उतरवलेले असतातच, त्यामुळे ते पहिल्यांदा कोणी बसवले याला आज अर्थ उरत नाही.

त्यापेक्षा एसेक्स इंजिनाच्या दोन खोडींकडे लक्ष द्यावे. त्याचे टायमिंग गिअर मुळात तंतुमय पदार्थाचे असते आणि वयानुसार त्याचे दाते झडतात. जाणकार मालक तेथे धातूचे बसवतात. दुसरी खोड ऑइल पंप फिरवणाऱ्या षट्कोनी दांडीची. तिचे कोपरे झिजून गोल झाले की पंप थांबतो, आणि ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर गेलेला चालकाला वेळेत दिसला नाही, तर इंजिन जाम होते. ही दोन कामे केल्याच्या पावत्या विक्रेत्याकडे असतील, तर ती गाडी 'मूळ जोडणी कोणाची' या वादापेक्षा जास्त मोलाची.

१६. लोटस आणि टीव्हीआर टिकल्या, मग गिल्बर्न का टिकली नाही?

लोटसने करसवलत जाण्याआधीच महागड्या तयार गाड्यांकडे मोहरा वळवला होता आणि तिच्यामागे ग्रां प्रीमधील विजयांची पुण्याई होती. टीव्हीआरची कहाणीही काही सरळ नाही, ती अनेकदा बुडता बुडता वाचली. मार्कोस तर गिल्बर्नच्याही आधी, १९७१ मध्ये बुडाली. तुलना करायचीच तर रिलायंटशी करावी. तिची सिमिटार आणि गिल्बर्नची इन्व्हेडर यांत इंजिन तेच, बॉडी फायबरची, ग्राहकही साधारण तेच. पण रिलायंटकडे तीन चाकांच्या स्वस्त गाड्यांची भरघोस विक्री होती आणि सिमिटारला त्या धंद्याचा आधार होता. गिल्बर्नकडे असा दुसरा धंदा नव्हता.

१७. गिल्बर्न ही वेल्समध्ये बनलेली एकमेव मोटार आहे का?

नाही. आज ॲस्टन मार्टिनची डीबीएक्स ही गाडी वेल्समधील सेंट ॲथन येथे बनते, आणि ब्रिजेन्ड येथे फोर्डचा इंजिनांचा कारखाना १९८० ते २०२० या काळात चालला. मात्र या दोन्ही कंपन्या बाहेरून आलेल्या. वेल्समध्येच स्थापन होऊन तेथेच वर्षानुवर्षे गाड्या बनवणाऱ्या कंपन्या अगदी मोजक्या आहेत आणि त्यांत गिल्बर्नचे नाव पहिल्याने घेतले जाते.

१८. ब्रिटनमध्ये आज गिल्बर्न रस्त्यावर चालवता येते का? नव्या किट कारसारखी तिची चाचणी द्यावी लागते का?

चालवता येते. नव्याने जोडलेल्या किट कारना आज एकेका वाहनाची स्वतंत्र मान्यता घ्यावी लागते. अशी चाचणी १९९८ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून तिचे स्वरूप बदलले. जुन्या काळी नोंदणी झालेल्या गिल्बर्नला ती लागू नाही. उलट ४० वर्षांहून जुन्या वाहनांना रस्ताकर माफ होतो आणि मोठे फेरफार केलेले नसतील तर २०१८ पासून वार्षिक तपासणीतूनही सूट आहे. वयाबाबत एक बारकावा : १९७१ मध्ये घेतलेले किट एखाद्याने १९७२ मध्ये जोडून नोंदवले असेल, तर कागदावरची पहिल्या नोंदणीची तारीख १९७२ ची असते. त्यामुळे गाडीची घडण आणि कागदावरील साल यांत वर्षभराचा फरक दिसला तर लगेच फसवणुकीचा संशय घेऊ नये.

१९. महाराष्ट्रात अशी गाडी घरी जोडून नोंदवता येईल का?

ब्रिटनमध्ये घरी एकच गाडी बांधणाऱ्या हौशी माणसासाठी जशी वेगळी वाट आहे, तशी येथे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार वाहनाचा नमुना अधिकृत चाचणी संस्थेकडून मान्य करून घ्यावा लागतो. या संस्थांपैकी दोन आपल्याकडेच आहेत, पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची (पूर्वीचे अहमदनगर) व्हीआरडीई. ही व्यवस्था उत्पादकांसाठी आखलेली असल्याने एकाच गाडीसाठी तिचा खर्च कोणाला परवडणारा नाही. नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावरही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे बंधन आहे.

या प्रकारच्या गाडीची चव येथे चाखायची असेल, तर अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सची रोडस्टर पाहावी. तिचे रूप लोटस सेव्हनच्या वळणाचे, बॉडी फायबरची, आणि १.८ लिटरचे इसुझू इंजिन. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी जुलै २०२१ पासून भारतात विंटेज नोंदणीची सोय आहे, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, आणि असे वाहन रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही. ही पन्नास वर्षे पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात, म्हणून किटमधून जोडलेल्या गाडीबाबत प्रश्न १८ मधील बारकावा येथेही लागू पडतो.